पत्र्याला गप्प करण्याचा इतिहास

१९५८ साली रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर क्लाउड’ मोटारीची एक जाहिरात अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखक होता डेव्हिड ऑगिल्वी. ताशी साठ मैलांच्या वेगातही या मोटारीत सर्वांत मोठा आवाज ऐकू येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, असा तिच्या मथळ्याचा आशय होता. जाहिरातविद्येच्या वर्गांत तो आजही नमुना म्हणून दाखवला जातो. गंमत अशी की कल्पना ऑगिल्वीची नव्हती. ‘द मोटर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचे ते निरीक्षण होते. आणि त्याही आधी, १९३३ मध्ये, पिअर्स-ॲरो या अमेरिकन मोटारीच्या जाहिरातीत हीच टिकटिक ऐकू आली होती.

ऑगिल्वीने पुढे एक आख्यायिका सांगितली. रोल्स-रॉइसच्या मुख्य अभियंत्याने ही जाहिरात वाचली, खेदाने मान हलवली आणि आता त्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे, असे उद्गार काढले. कथा खरी असो वा नसो, त्या अभियंत्याला धंद्याचे मर्म कळले होते. मोठा आवाज दाबला की त्याच्या मागे दडलेला लहान आवाज पुढे येतो. तो दाबला की तिसरा. मोटारीतील शांततेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा असा एकामागून एक उघड होत गेलेल्या आवाजांचा इतिहास आहे. आज एखादा गाडीमालक दरवाजात चंदेरी चादर चिकटवून घेतो आणि “फरक काही पडला नाही” म्हणून हळहळतो, त्याचे उत्तरही याच इतिहासात सापडते.

आरंभीच्या मोटारींत शांततेचा प्रश्नच नव्हता. टप नाही, काचा नाहीत, दरवाजे असले तर कमरेएवढे. इंजिनाची धडधड, साखळीची खडखड आणि वारा यांच्यात बसूनच प्रवास करायचा. श्रीमंतांच्या लिमोझिनमध्ये मालक मागच्या बंद कक्षात बसे आणि चालक पुढे उघड्यावर. ही विभागणी केवळ मानापमानाची नव्हती. चालकाला आवाज हवा असे. व्हॉल्व्ह सैल झाला, बेअरिंग कोरडे पडले, एक सिलिंडर चुकू लागला, हे सारे तो कानाने ओळखी. शांतता मालकासाठी होती. ऐकणे ही नोकराची विद्या होती.

तरीही इंजिनाच्या खडखडाटाने काही जणांना स्वस्थ बसू दिले नाही. दुग्धव्यवसायाचे नियतकालिक चालवणारा चार्ल्स येल नाइट हा अमेरिकन गृहस्थ त्यांपैकी एक. इंजिनाचे वरखाली आपटणारे व्हॉल्व्ह हेच कलहाचे मूळ, असे ठरवून त्याने ते काढूनच टाकले आणि त्यांच्या जागी सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या नळ्या बसवल्या. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९०८ च्या सुमारास हे इंजिन स्वीकारले. बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पानहार यांनीही ते उचलले. इंजिन खरोखरच मवाळ होते. मात्र ते तेल फार पिई आणि मागे निळसर धूर सोडत जाई. शांततेची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी खात्यातून वळती होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

खरी अडचण सुरू झाली ती मोटारीला छप्पर आल्यावर. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे दहा टक्केच बंद बांधणीच्या होत्या; १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. पाऊस, धूळ, थंडी बाहेर राहिली. आवाज मात्र आत कोंडला गेला. उघड्या मोटारीत जो आवाज वाऱ्यावर विरून जाई, तो आता सहा पृष्ठभागांवर आपटून पुन्हा कानाशी येऊ लागला. तशात सांगाडा लाकडाचा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. रस्त्याच्या हिसक्यांनी सांधे ढिले होत आणि सगळी गाडी जुन्या वाड्याच्या जिन्यासारखी कुरकुरू लागे.

या कुरकुरीवर सर्वांत देखणा उपाय शोधला तो एका वैमानिकाने. १९११ ची गॉर्डन बेनेट विमानशर्यत जिंकणारा चार्ल्स टेरेस वेमन हा विमानाच्या बांधणीचे तत्त्व मोटारीत घेऊन आला. त्याच्या पद्धतीत लाकडाचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याला टेकतच नसे. दोहोंच्या मध्ये धातूची पट्टी आणि बारीकशी फट. लाकूड लाकडावर घासणार नाही, तर करकरणार कशाला? वरून पत्र्याऐवजी चामड्यासारखे दिसणारे कापड ताणून बसवलेले. कापड ते, वाजणार कुठून! १९२० च्या दशकात युरोपातील अनेक उंची मोटारींवर वेमन पद्धतीची अंगे चढली. वजनाला हलकी आणि शांत. पण कापड उन्हापावसात लवकर जुने दिसे, आणि लोकांना आता चकचकीत रंगाचा पत्रा हवा होता. दशक सरता सरता ही पद्धत मागे पडली. आवाजाच्या लढाईत तिने मात केली होती, ती हरली दिसण्यात.

मग आला पोलाद. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच डॉज बंधूंसाठी पूर्ण पोलादी अंगे बनवायला घेतली होती. पण टप मात्र बराच काळ कापडी राहिला. एवढा रुंद पत्रा एकसंध दाबून काढणे गिरण्यांना जमत नव्हते, हे एक कारण. दुसरे असे की मोठा सपाट पत्रा म्हणजे शब्दशः नगारा. १९३५ च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सने ‘टरेट टॉप’ या नावाने एकसंध पोलादी टप बाजारात आणला, तेव्हा ताकदीचा आणि सौंदर्याचा प्रश्न सुटला, नगाऱ्याचा नाही.

पोलाद एवढे का वाजते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. देवळातली घंटा एकदा वाजवली की बराच वेळ घुमत राहते, कारण धातूच्या पोटात कंपाची ऊर्जा मुरत नाही. लाकूड, कापड, शेण-मातीची भिंत यांच्यात ती लवकर मुरते आणि उष्णता होऊन नाहीशी होते. घुमणाऱ्या घंटेला तळहात टेकवला की ती तत्काळ थांबते. हाताने घंटेचे वजन फारसे वाढवलेले नसते, तिच्याभोवती भिंतही बांधलेली नसते. हाताने फक्त तिची थरथर पिऊन टाकलेली असते. विज्ञानाच्या परिभाषेत याला अवमंदन म्हणतात. मोटारीच्या पत्र्याला असा एक हात कायमचा टेकवून ठेवायचा होता. कोणत्या पदार्थाचा, एवढेच ठरायचे होते.

तोवर दुसरा एक आवाज पुढे आला होता. ठरावीक वेगाला बंद मोटारीत कानावर दाब आल्यासारखी घुमघुम सुरू होई आणि वेग थोडा बदलला की नाहीशी होई. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४० फेरे आणि ८० धक्के. दोन मीटर लांबीच्या बंद कक्षातील हवा साधारण सेकंदाला ८५ कंपांच्या आसपास स्वतःहून घुमते. दोन आकडे जवळ आले की मोटार बासरी होते. बासरीचा गोडवा सोडून. यावर नमदा, कापड, काही चालत नाही, कारण हा धक्का इंजिनाच्या पायांतून सांगाड्यात उतरलेला असतो. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी १९३१ च्या प्लिमथ मोटारीत इंजिन रबराच्या आधारांवर असे तोलून बसवले की ते स्वतःच्या अक्षाभोवती डोलेल, पण डोलणे चौकटीला कळणार नाही. ‘फ्लोटिंग पॉवर’ असे त्याचे नाव. फ्रान्सच्या सित्रोएनने त्याचे हक्क घेतले आणि तरंगत्या हंसाचे चिन्ह लावून आपल्या मोटारी विकल्या. स्वस्त मोटारीला आलेली ही पहिली खरी शांतता, आणि ती चिकटवण्याच्या कोणत्याही पदार्थातून आलेली नव्हती.

याच काळात आवाज मोजता येऊ लागला. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत डेसिबल हे एकक रूढ झाले, आणि १९३३ मध्ये फ्लेचर व मन्सन यांनी माणसाचा कान सर्व पट्ट्यांना सारखा तीक्ष्ण नसतो, हे आलेखात मांडले. खर्जातला आवाज कानाला कमी तीव्र वाटतो, पण अंगाला थकवतो. यंत्रावरचा आकडा आणि प्रवाशाची तक्रार यांचा मेळ का बसत नाही, याचे एक कारण तिथे मिळाले.

पत्र्याला मात्र अजून अंदाजानेच लेप लागत होते. डांबरात भिजवलेला नमदा, डांबरी कागद, तागाची जाड चटई, चिंध्यांची गादी. यांपैकी शेवटच्या दोन वस्तूंची कुळकथा मोठी आहे. ताग पिके बंगालात आणि विणला जाई स्कॉटलंडच्या डंडीत किंवा हुगळीकाठच्या गिरण्यांत. त्याचा नमदा अमेरिकन मोटारींच्या गालिच्याखाली जाऊन बसला. चिंध्यांचे शास्त्र यॉर्कशरच्या बॅटली गावचे. तिथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचा पुन्हा धागा करण्याची रीत बसवली. या मालाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजीत हा शब्दच हलक्या प्रतीला रूढ झाला, हा त्या मालावर अन्याय म्हणावा लागेल. कारण पिंजलेल्या चिंध्यांचा दाबून केलेला नमदा आवाज शोषण्यात आजही उत्तम गणला जातो, आणि अनेक मोटारींच्या गालिच्याखाली तोच असतो. पानिपतच्या गिरण्या जगभरचे जुने कपडे पिंजतात ते याच परंपरेत. गोधडी पांघरून झोपणाऱ्याला बाहेरची खुसपूस का कमी ऐकू येते, याचे कारणही तेच : असंख्य धाग्यांच्या फटींतून जाताना हवेची हालचाल घासून घासून थकते.

चिंध्या आणि तागाबरोबर एक तिसरा तंतूही होता, आणि इतिहासाचा हा भाग सुखाचा नाही. ॲस्बेस्टॉस जळत नाही, उष्णता अडवते, आवाज शोषते आणि स्वस्त पडते. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या आर्मली येथील जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स या कारखान्याने १९३० च्या दशकात ते पिचकारीने फवारण्याची पद्धत आणली. १९५० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेच्या पोलादी डब्यांच्या आतल्या अंगाला निळे ॲस्बेस्टॉस असे फवारले गेले. हेतू दोनच, गोंगाट आणि उष्णता कमी करणे. मोटारींच्या तळाला मारायच्या डांबरी मिश्रणांतही बळकटीसाठी याचे तंतू घातले जात. डब्यात बसलेल्या प्रवाशाला शांतता मिळाली. फवारणाऱ्या, आणि पुढे ते डबे मोडणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत ते तंतू गेले. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांमध्ये ॲस्बेस्टॉसने होणारे रोग इतके आढळले की लोक त्यांना ‘स्विंडनचा रोग’ म्हणू लागले. आर्मलीत तर कारखान्याच्या आसपासच्या गल्ल्यांत ती धूळ साचे आणि मुले तिच्यात खेळत. त्यांपैकी दोन मुलांच्या वतीने, ती मोठी होऊन रोगाने गाठल्यानंतर, चाललेल्या खटल्यात १९९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कारखान्याला जबाबदार धरले. कारखाना बंद होऊन तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

पत्र्याच्या थरथरीचे गणित मांडले ते हेर्मान ओबर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने, १९५२ मध्ये. पातळ पत्र्यावर घट्ट चिकटलेला लेप त्याचे वाकणे कितपत शोषतो, हे त्याने सूत्रात बसवले आणि मोजण्याची रीतही दिली. पट्टीचे एक टोक आवळायचे, तिला कंप द्यायचा आणि तो किती लवकर विरतो ते पाहायचे. प्रयोगशाळांत आजही ती ‘ओबर्स्ट पट्टी’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच्या सूत्राचा व्यवहारातील अर्थ कठोर होता. लेपाचा गुण त्याच्या जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पत्र्याहून पातळ लेप जवळजवळ वाया जातो. तो पत्र्याच्या दुप्पट-तिप्पट जाड असेल तेव्हा काम करतो. मोटारीचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे डांबर दोन मिलिमीटर तरी हवे. साऱ्या गाडीला असा लेप दिला की वजन किती वाढते, हे वेगळे सांगायला नको. तरी कारखान्यांनी तो पत्करला. जमिनीच्या पत्र्यावर डांबरी चादरी नुसत्या अंथरायच्या. रंग भाजण्याच्या भट्टीतून गाडी गेली की त्या आपोआप वितळून पत्र्याच्या वळणात बसतात.

वजनाचा पेच सोडवला तो अमेरिकेत. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणाऱ्या एडवर्ड केर्विन याने १९५९ मध्ये एका वेगळ्या रचनेचा सिद्धान्त प्रसिद्ध केला : चिकट, मऊ पदार्थाचा पातळ थर आणि त्यावर धातूचा न ताणला जाणारा पापुद्रा. खालचा पत्रा वाकू पाहतो, वरचा पापुद्रा ताणायला नकार देतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मधला मऊ थर आडवा घासला जातो. घासल्यामुळे तो किंचित तापतो. पत्र्याचा आवाज त्या उष्णतेत संपतो. नुसत्या लेपाला जे काम करायला भरपूर जाडी लागे, ते आता थोडक्यात होऊ लागले. आज बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक चंदेरी चादरीच्या पाठीवर जो ॲल्युमिनियमचा वर्ख दिसतो, तो शोभेचा नाही. तो तो पापुद्रा आहे. तो पातळ आणि मऊ असेल, तर चादर निम्मी निकामी समजावी.

मधल्या थरासाठी योग्य पदार्थ बावीस वर्षे आधीच जन्मला होता. न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत स्पार्क्स आणि थॉमस यांनी १९३७ मध्ये ब्यूटाइल रबर तयार केले. हवा धरून ठेवण्याच्या गुणामुळे ते टायरच्या ट्यूबांत गेले. त्याचा दुसरा गुण असा की ते उसळत नाही. नैसर्गिक रबराचा चेंडू जमिनीवरून उडी मारतो. ब्यूटाइलचा चेंडू थप्पकन पडतो आणि जागीच राहतो. उसळण्याची ऊर्जा तो पोटातच जिरवतो. पत्र्यावर टेकवायचा हात हाच.

१९८० च्या दशकाअखेर हे सारे कारखान्याबाहेर, हौशी लोकांच्या हाती आले, आणि तेही शांततेसाठी नव्हे. अमेरिकेत मोटारीत मोठमोठे स्पीकर बसवण्याचे वेड शिगेला पोहोचले होते. दरवाजात स्पीकर बसवला की दरवाजा हीच त्याची पेटी होते, आणि पत्रा सुराबरोबर स्वतःची टणटण मिसळतो. ओहायोतील डायनामॅटसारख्या व्यवसायांनी ही गरज ओळखली आणि चादरी किरकोळीत विकायला काढल्या. किंमत पाहून अनेकांनी पळवाट शोधली : घराच्या छपराची गळती बुजवायची डांबरी पट्टी. दिसायला तशीच चंदेरी, भाव एक-चतुर्थांश. हिवाळ्यात चिकटवलेली ही पट्टी उन्हाळ्यात विरघळून लोंबू लागली, गालिच्यांवर काळे थेंब पडले आणि बंद गाडीत डांबराचा वास भरला. छपरावर तिचे काम पाणी अडवण्याचे होते. थरथर पिण्यासाठी ती घडवलीच नव्हती.

याहून मोठा गैरसमज वेगळाच होता आणि तो आजही टिकून आहे. थरथर पिणे, आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही तीन कामे निरनिराळी आहेत. चादर पहिले काम करते. दुसरे काम केवळ वजन करू शकते. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिच्यातून जाणारा आवाज सुमारे सहा डेसिबलांनी घटतो, हा निसर्गाचा दर आहे आणि त्यात सूट मिळत नाही. त्यासाठी एके काळी शिशाचा पातळ पत्रा वापरत. शिशाचे विष ध्यानी आल्यावर बेराइटसारख्या जड खनिजाची पूड मिसळलेली विनाइलची लवचीक चादर आली, चौरस मीटरला सुमारे पाच किलो वजनाची. (बेराइटचा जगातील एक अतिप्रचंड साठा आंध्रातील मंगमपेटला आहे.) तिसरे काम फोमचे आणि नमद्याचे. त्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला ३,००० कंपांच्या आवाजाची लहर अकरा-बारा सेंटिमीटरांची, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरांचा फोम तिला चांगले गिळतो. शंभर कंपांच्या घुमघुमीची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. तिच्यापुढे सेंटिमीटरभर फोम म्हणजे पुरापुढे धरलेली चाळण.

फटींचा हिशेब तर आणखी निर्दय आहे. एखाद्या भिंतीत शेकडा एक भाग जरी भोक राहिले, तरी ती भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलांहून अधिक आवाज अडवू शकत नाही. इंजिन आणि प्रवासी कक्ष यांच्यामधल्या पत्र्यातून तारा, नळ्या, दांडे जातात. त्या भोकांची रबरे फाटलेली असताना जमिनीवर हजारो रुपयांच्या चादरी अंथरणे म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला दुसरी कडी लावणे.

जपानच्या टोयोटाने १९८९ मध्ये ‘लेक्सस एलएस ४००’ आणली, तेव्हा मुख्य अभियंता इचिरो सुझुकी याने हा क्रम उलटा धरला होता : आवाज दाबायचा नाही, उगमापाशीच होऊ द्यायचा नाही. इंजिनाचे भाग अधिक काटेकोर, हवेला अंग घासू न देणारा आकार, आणि मग उरलेल्या थरथरीसाठी दोन पत्र्यांमध्ये अवमंदक थर असलेले पोलाद. तिच्या जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचून चाके ताशी १४५ मैलांच्या वेगाने फिरवली होती. पेले हलले नाहीत. घड्याळाच्या टिकटिकीची जाहिरात तीस वर्षांनी अशी दृश्य झाली.

विजेच्या मोटारींनी घड्याळाचा तो नियम पुन्हा सिद्ध केला. इंजिन गेले, आणि त्याने इतकी वर्षे झाकून ठेवलेली टायरांची घरघर व खांबांवरची वाऱ्याची शीळ उघडी पडली. टायरच्या पोटातील हवाही सेकंदाला सुमारे दोनशे कंपांनी घुमते. म्हणून आता काही टायरांत आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. आणि बाहेर, रस्त्यावरच्या अंध माणसाला गाडी येताना ऐकू यावी म्हणून युरोपने २०१९ पासून नव्या प्रकारच्या विद्युत मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले.

भारतात ही कथा उशिरा पोहोचली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट-पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर यांच्या मालकांना आवाजाची तक्रार असे, पण ती कोणत्या भागाचा आवाज येतो अशी, आवाज का येतो अशी नव्हे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डांबरी लेप मारून घेण्याची मुंबई-कोकणातील रीत गंजाविरुद्ध होती. जमिनीचा पत्रा त्यामुळे थोडा गप्प होई, हा अनाहूत लाभ. १९८३ च्या मारुती ८०० ने हलका पत्रा आणला, १९९८ अखेरच्या टाटा इंडिकाने घराघरात डिझेलची ठकठक. पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत आवाज व कंपनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. दिल्लीच्या करोल बागेत किंवा बंगळुरूच्या जे. सी. रोडवर त्याच प्रश्नाचे उत्तर गजाने मिळते.

तिथला जाणता कारागीर कामाला लागण्यापूर्वी दरवाजाच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकतो. ‘टण’ असे उत्तर आले तर तिथे चादर हवी. ‘ठप्प’ आले तर कारखान्याने आधीच काम केलेले आहे. मोठ्या सपाट भागाच्या मध्यभागी पत्रा सर्वांत अधिक थरथरतो, म्हणून तुकडे तिथे लावायचे. पृष्ठभागाचा पाव ते निम्मा भाग झाकला की बहुतेक टणटण जाते, उरलेल्या निम्म्याने मुख्यतः वजन आणि बिल वाढते. पत्रा आधी स्पिरिटने पुसून तेल-धूळ काढायची, कारण चिकटलेली नसलेली चादर घंटेपासून बोटभर दूर धरलेल्या हातासारखी असते. मग लोखंडी रोलर फिरवायचा, वर्खावरची नक्षी सपाट होईपर्यंत. टपाला डांबरी चादर कधीच नाही. वैशाखात उभ्या गाडीच्या टपाला हात लावून पाहिलेल्याला कारण सांगावे लागत नाही. आतल्या छताच्या कडेने पडदा-एअरबॅग असेल, दरवाजात धडकेचा दाब ओळखणारा सेन्सर असेल, तर त्यांना हात लावायचा नाही, आणि अशा दरवाजाची आतली मोठी भोके बुजवण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत पाहायचे.

जमिनीवर आणि चाकांच्या कमानींवर आधी चादर, तिच्यावर फोम, त्यावर जड विनाइल. हे विनाइल पत्र्याला खिळायचे नसते, फोमवर सैल निजवायचे असते, नाहीतर पत्र्याची थरथर थेट त्याच्यात उतरते. आणि दरवाजाच्या तळाशी, अगदी खालच्या शिवणीत, दोन-तीन लांबट भोके असतात. काचेच्या बीडिंगमधून आत उतरलेले पावसाचे पाणी तिथून बाहेर पडते. उत्साहाच्या भरात तीही चादरीखाली जातात. पहिल्या पावसाळ्यात वळण घेताना दरवाजातून पाण्याची डुबडुब ऐकू येते, आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत शिवण गंजून फुगते.